विटांच्या गोष्टीतलं नाव

निर्मलाबाईंनी हात वर केला, विनोदने यंत्राचं बटण दाबलं आणि हौशी मुकणे बोलायला लागली. गोष्ट विटा पाडणाऱ्यांची होती. मिसर देशात गुलाम झालेले लोक, त्यांच्या पाठीवर उभा असलेला मुकादम, रानात पेटलेलं पण जळून न जाणारं झुडूप, आणि त्या झुडपातून त्याच लोकांतल्या मोशेला आलेली देवाची हाक. इथवर हौशी न अडखळता बोलत गेली. पुढचं वाक्य "तेवा मालक मोशेला बोलला" असं होतं. "तेवा" म्हणून ती थांबली.

"पुन्हा घेऊ," विनोद म्हणाला.

पुन्हा घेतलं. पुन्हा ती तिथेच थांबली. मग तिने समोरचा माईक हाताने बाजूला सारला.

"हा शब्द मी नाय बोलनार."

"कुठला?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"मालक."

सापगावातल्या त्या भाड्याच्या घरात आतल्या खोलीला चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या होत्या. बाहेरच्या कोंबड्या आणि मोटारसायकली आत ऐकू येऊ नयेत म्हणून. त्यामुळे कोणी गप्प बसलं की तिथे फारच गप्प वाटायचं. निर्मलाबाई मुरबाडच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. हातपाय चालतायत तोवर बायबलातल्या गोष्टी कातकऱ्यांच्या बोलीत आणायच्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजात भरायच्या, हे काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. यंत्राचं सगळं विनोद बघायचा. आवाज हौशीचा होता.

हौशीला तो आवाज बापाकडून आला होता. तिचा बाप जाणू हा डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या कातकरवाडीतला भगत. सुपात तांदूळ टाकून तो गायला लागला की पलीकडच्या टेकाडावरच्या बायका चूल सोडून दारात यायच्या. नावाच्या बाबतीत जाणूचे नियम कडक. अंधार पडला की सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. रानात वाघाचं नाव काढायचं नाही. "नाव घेतलं का तो कान टवकारतो," असं तो पोरांना सांगायचा. आणि कुणाच्या अंगातलं काही उतरवायचं असलं की जाणूचा पहिला सवाल ठरलेला असायचा, "नाव सांग! तुजं नाव सांग!" नाव आलं की तो मूठ आवळून दाखवायचा. आलं हातात.

हौशी वाढली ती हे बघत. लग्न झालं रामाशी. दिवाळी सरली, भातं झोडून झाली की दोघं टेम्पोत बसून पडघ्याकडच्या वीटभट्टीवर जायची. रामा मातीचा गारा तुडवायचा, हौशी साच्यात भरून विटा पाडायची. तिचा हात इतका चालायचा की मुकादम दुसऱ्यांना तिची वीट उचलून दाखवायचा. पण तिला नाव घेऊन हाक कुणी मारली नाही. "ए बाई" नाहीतर "रामाची". मग एका वर्षी रामाने भट्टीवरच दुसरी बायको केली, आणि हौशीला पोरीसकट झोपडीबाहेर काढलं. रत्ना तेव्हा अंगावर पीत होती. हौशी रस्त्याकडेच्या चिंचेखाली येऊन बसली. जायचं कुठे हे तिला ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास निर्मलाबाई रविवारी भट्ट्यांवर यायच्या, मुलांना चार अक्षरं शिकवायला आणि बायकांना गोष्टी सांगायला. चिंचेखाली त्यांनी हौशीला हागारेची गोष्ट सांगितली. हागार म्हणजे अब्राहामाच्या घरची दासी. मालकिणीच्या जाचापायी पळाली, रानातल्या झऱ्याशी बसली. पोटात पोर. तिथे देव तिच्याशी बोलला आणि पहिल्या शब्दाला त्याने तिचं नाव घेतलं, "हागारे, तू कुठून आलीस, कुठे चाललीस?" अख्ख्या शास्त्रात देवाला आपण होऊन नाव ठेवणारी हीच पहिली. घराण्यातली नव्हे, राणी नव्हे, पळून आलेली दासी. तिने नाव ठेवलं, "मला बघणारा."

हौशीने ती गोष्ट त्या दिवशी पुन्हा पुन्हा सांगायला लावली. मग उठली, पोरीला कडेवर घेतली आणि वाडीवर परत आली. काही वर्षांनी तिने बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ शाम आणि त्याची बायको लक्ष्मी आपल्या जुन्या देवांना धरून राहिले. त्यावरून घरात भांडण झालं नाही. नारळ शाम फोडायचा आणि खोबरं सगळे खायचे. भट्टीवर मात्र हौशी जातच राहिली, आता शाम आणि लक्ष्मीबरोबर. वाडीत दुसरं करण्यासारखं होतं काय? रत्ना मोठी झाली, टोकावड्याला दिली.

अशी ही हौशी, आणि तिने माईक बाजूला सारला होता.

"बाई," ती म्हणाली, "ह्या गोष्टीत विटा पाडून घेतो कोन?"

"फारो राजा."

"म्हंजे मालक. आन् सोडवायला येतो कोन? देव. तो पन मालकच. माझ्या वाडीतली मानसं ऐकनार ना ही गोष्ट? त्यांना वाटंल, एका मालकानं दुसऱ्या मालकाची मानसं पळवली. भट्टीवर ह्याच्यावरून मारामाऱ्या होतात, आमी बघितल्यात."

विनोद हसला, पण निर्मलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. शिकवायला बसल्या की ही त्यांची खूण.

"हे बघ हौशी. मूळ इब्री भाषेत तिथे देवाचं खास नाव आहे. चार अक्षरांचं. यहुदी लोक ते नाव लिहायचे, पण पुढे पुढे धाकापोटी मोठ्याने वाचेनासे झाले. ती अक्षरं आली की त्या जागी ‘माझा प्रभू’ असं म्हणायचे. नाव उगाच तोंडात येऊ नये म्हणून. आपल्या मराठी शास्त्रात तिथे परमेश्वर आलंय. तुमच्या बोलीत मी मालक ठेवलं, कारण प्रभू म्हणजे ज्याची सत्ता चालते तो."

हौशीने थोडा विचार केला. "नवऱ्याचं नाव नाय घेत बायका, तसं?"

"तसंच म्हण. आणि म्हणून तर देव मोशेला सांगतो, मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव. तू रामाला काय म्हणायचीस?"

"रत्नाचा बाप."

"तसंच."

हे हौशीला पटलं. पण ती जागची हलली नाही. "बाई, नवऱ्याचं नाव नाय घेतलं तरी बायको त्याला शेजाऱ्याच्या नावानं हाक मारत नाय."

निर्मलाबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांनी दुसरे शब्द काढून बघितले. धनी? हौशीने मान हलवली. धनी म्हणजे नवराच, आणि तिच्या धन्याने तिला झोपडीबाहेर काढलं होतं. परमेश्वर? तो शब्द वाडीत शाळेच्या प्रार्थनेत ऐकलेला. ओळखीचा, पण कुणाच्या घरचा नव्हे. देव? तो तर आधीच गोष्टीत होता. इथे त्या देवाचं नाव हवं होतं.

"मग तू सांग," विनोद जरा वैतागून म्हणाला. दुपार सरत आली होती.

"मला नाय माहीत," हौशी म्हणाली. "वाडीत विचारते."

निर्मलाबाईंना हे मान्य होतं. कुठलाही शब्द ऐकणाऱ्यांसमोर ठेवून बघायचा, हा त्यांच्या कामाचा रिवाजच होता. मालक हा शब्द त्यांनी शहापुरातल्या दोन शिकलेल्या कातकरी तरुणांना विचारून घेतला होता. भट्टीवरच्या बाईला विचारायचं राहून गेलं होतं, हे त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं.

तिघं डोळखांबला गेली आणि तिथून वर वाडीवर. भातं निघाली होती, शेतात नुसती धसकटं. बायका रानातून मोळ्या घेऊन उतरत होत्या. मोळी टाकून, घाम पुसून एकेक जण हौशीच्या अंगणात टेकली. सगळ्यांत थोरली हिराबाई. दात उरले नव्हते, जीभ मात्र शाबूत. तिचा नवरा आणि दोन मुलगे भट्टीच्या कामातच संपले होते.

हौशीने गोष्ट सांगितली, आणि ठरल्याप्रमाणे ‘मालक’ म्हणून सांगितली. तो शब्द तोंडातून काढताना तिला खडा चावल्यासारखं झालं, पण कसोटी म्हणजे कसोटी. मुकादम लोकांना पेंढा देईनासे झाले आणि विटा मात्र तेवढ्याच मागायला लागले, हे ऐकल्यावर लक्ष्मी म्हणाली, "आमच्याकडं पन मातीत घालायचा भाताचा तूस संपला का हेच." आणि ‘मालकानं लोकांचं रडणं ऐकलं’ म्हटल्यावर एक बाई मध्येच बोलली, "कुठल्या मालकानं? विटावाल्या?" दुसरी म्हणाली, "मालक कधी ऐकतो काय?" आणि सगळ्या हसल्या. हौशीने निर्मलाबाईंकडे पाहिलं. निर्मलाबाईंनी मान डोलावली.

पण हिराबाई हसली नव्हती. "गो हौशे, शब्द बरोबर हाय."

"कसा गो आजी?"

"मुकादम भितो कोनाला? मालकाला. मग मालकाला कोन भिववील? त्याच्यावरचा मालकच. दुसऱ्या कोनाचं तो ऐकंल काय? वर एकच मालक हाय असं कळलं, म्हंजे हा खालचा मालक मालक उरत नाय. शब्द तू त्याच्याकडंच ठेवलास तर तो त्याचाच राहील. काढून घे त्याच्याकडून!"

निर्मलाबाई चमकून म्हातारीकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनातलंच ती बोलली होती, आणि त्यांना बोलता आलं नव्हतं तसं बोलली होती. म्हणणं हौशीलाही कळलं. पण मन ‘हो’ म्हणेना.

"बरं, पुढं सांग," हिराबाई म्हणाली. "त्या मोशेनं मग काय केलं?"

"त्यानं देवाला नाव विचारलं. लोकांनी मला विचारलं, कोनी पाठवला तुला, तर काय सांगू?"

"बरोबर. तुजा बाप पन पैलं नावच विचारायचा."

हे हौशीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मोशे जाणू भगतासारखाच सवाल करत होता. पण समोरून आलेलं उत्तर मुठीत धरता येण्यासारखं नव्हतंच. तिने ते आपल्या बोलीत सांगितलं, "देव बोलला, मी हाय. मी हायच. जा, सांग त्यांना, ‘मी हाय’ यानं मला पाठवलं."

मग लक्ष्मी हळूच म्हणाली, "रानात हाक मारतो तसं."

"कसं?" निर्मलाबाई पुढे सरकल्या.

लक्ष्मी लाजली. हिराबाईने सांगितलं. कंद खणायला, मोळीला बायका रानात गेल्या की झाडीत एकमेकींना दिसत नाहीत. मग एकजण ओरडते, "हाय का गो?" आणि पलीकडून ओ येते, "हाय! हाय!" दिसत नसलं तरी कळतं, ती आहे. भ्यायचं कारण नाही.

"म्हंजे ह्या देवाचं नाव म्हंजे ओ हाय," हिराबाई म्हणाली. "हाक मारायच्या आधीच दिलेली."

परतताना विनोद म्हणाला, "पण बाई, पोरं फोनवर एकमेकांना ‘हाय’ म्हणतात. हसतील."

"हसू देत," हौशी म्हणाली. "आमचा हाय आदीचा हाय."

‘हाय तो’ असं ते नाव ठरलं. निर्मलाबाईंनी ते ह्या गोष्टींचं काम चालवणाऱ्या संस्थेतल्या वरिष्ठांना फोनवर कळवलं. त्यांना आवडलं. मात्र त्यांचं म्हणणं पडलं, की सत्ता दाखवणारा एक शब्द हवाच. पुढे येशूच्या गोष्टी येतील, तिथे तो प्रभू आहे हे सांगायचं कशाने? त्या जागी मालक राहू द्या. हौशीने ऐकलं आणि पिशवी उचलली. "मग तो दुसऱ्या कोनाच्या आवाजात भरा," म्हणाली, आणि डोळखांबची गाडी पकडून घरी गेली.

दुसऱ्या आठवड्यात कुंडलिक मुकादम टेम्पो घेऊन वाडीवर आला. कुंडलिक वाईट माणूस नव्हता. शेजारच्याच गावचा, स्वतः गारा तुडवून वर आलेला. भांडी, गोधड्या, कोंबड्या टेम्पोत चढायला लागल्या. हौशी दारातच उभी.

"हौशे, चल ना. तुजी जागा ठेवलीय."

"मी नाय येनार औंदा. सापगावातलं काम अजून बाकी हाय."

"कसलं काम? गोष्टी सांगायचं?" कुंडलिक हसला, मग गंभीर झाला. "अगो, मालकानं तुजं नाव घेऊन सांगितलंय. हौशीला घेऊनच ये म्हनाले. थांब, तेच बोलतील तुज्याशी." त्याने फोन लावला, आवाज मोठा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "गप रे, मालक बोलतायत!"

अंगणात उकिडवे बसलेले पुरुष उभे राहिले. टेम्पोतल्या बायकांनी पदर सारखे केले. फोनमधून नुसता एक आवाज येत होता, माणूस पडघ्याला होता, तरी सगळी वाडी उभी होती. हौशीने पाहिलं, दाराच्या चौकटीला टेकलेली तीही ताठ झाली होती, हात पुढे घेऊन, मान खाली घालून. तिच्या पायांना कुणी विचारलंच नव्हतं. शब्द ऐकला आणि पायांनी आपलं आपण केलं होतं.

ती खाली बसली. मुद्दाम, सगळ्यांसमोर, उंबऱ्यावर पाय पसरून बसली.

"काय हौशी, येतेस ना?" फोनमधला आवाज म्हणाला.

"नाय येत," हौशी म्हणाली. "शाम आन् लक्ष्मी येतात. त्यांना नीट ठेवा. तूस वेळेवर द्या, नायतर वीट फुटते आन् बोलनं त्यांना बसतं."

कुंडलिकने घाईघाईने फोन कानाला लावला आणि बाजूला गेला. शाम बहिणीजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाय, आमची जोडी मोडली तू. विटा आता लक्ष्मीनं पाडायच्या, पोर सांभाळून? एका शब्दापायी?"

शामचं खरं होतं. "पोराला माझ्याकडं ठेव," ती म्हणाली. शामने ठेवलं नाही. टेम्पो गेला आणि वाडी निम्मी रिकामी झाली. हौशी संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावरच होती. आपण चुकलो का, हे तिने स्वतःला आडून आडून विचारून बघितलं. पण डोळ्यांपुढून ते उभे राहिलेले लोक हलेनात. ज्या शब्दाला माणसं अशी उभी राहतात, त्या शब्दाने त्यांना सुटकेची गोष्ट सांगायची नाही. हे तिचं पक्कं झालं.

दोन दिवसांनी निर्मलाबाई एकट्याच वर चढून आल्या. गुडघे दुखत होते, धाप लागली होती. हौशीने पाणी दिलं. मग घडलं ते सगळं सांगितलं, आपले पाय ताठ झाले ते सुद्धा.

निर्मलाबाईंनी ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. "मी तिथे नव्हते," त्या म्हणाल्या. "पण हे मी वरिष्ठांना सांगेन. आता तूही एक ऐक. येशू प्रभू आहे असं पहिले ख्रिस्ती लोक म्हणायचे, तेव्हा रोमच्या बादशहालाही लोक प्रभूच म्हणायचे. हिराबाई म्हणाली तेच. एकाला म्हटलं की दुसऱ्याला म्हणायचं नाही. त्या शब्दापायी माणसं मेली. तो शब्द मी गोष्टीतून काढून टाकू शकत नाही, हौशी. तो काढला तर गोष्टच लुळी पडते."

हौशीने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती चूल सारवत राहिली. मग म्हणाली, "प्रभू असंच ठेवलं तर?"

"तुमच्या बोलीत तो शब्द नाही."

"नाय, म्हनून तर. वाडीत कोनाला कोनी प्रभू म्हनत नाय. भट्टीवाल्याला नाय, मुकादमाला नाय, नवऱ्याला नाय. कोरा शब्द हाय. त्यात कोनी बसलेला नाय. त्याचा अर्थ मी गोष्टीतच सांगंन, का ज्याच्यावर दुसरा कोन नाय तो. आन् तो कसा प्रभू? येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले ना, तसा."

निर्मलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पण शिकवलं काही नाही. पुढे फोनाफोनी झाली, वाद झाले, आणि अखेर तेच राहिलं. विटांच्या गोष्टीत ‘हाय तो’, येशूला ‘प्रभू’. हिराबाईला हे सांगितल्यावर तिने नाक मुरडलं. ती आपल्या प्रार्थनेत मालकच म्हणत राहिली, आणि मोठ्याने म्हणत राहिली. हौशीने तिला कधी अडवलं नाही.

त्या हिवाळ्यात हौशी सापगावातच राहिली. सकाळी लोकांच्या मळ्यात भेंडी तोडायची, बोटांना खाज सुटलेली असायची, दुपारी गोधड्यांच्या खोलीत बसून गोष्टी भरायच्या. विटांची गोष्ट पुरी झाली तेव्हा विनोदने ती एका लहानशा स्पीकरमध्ये घालून दिली.

हौशी तो घेऊन पडघ्याच्या भट्टीवर गेली. शाम तिला बघून गारा तुडवतच राहिला. लक्ष्मीने मात्र हात धुतले, चहा ठेवला. तिचे हात फुटले होते, पोर विटांच्या सावलीत निजलं होतं. हौशीने पदर खोचला, साचा हातात घेतला आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत लक्ष्मीच्या वाट्याच्या विटा पाडल्या. मग सगळे भाकरीची फडकी सोडून बसले, तेव्हा तिने स्पीकर लावला.

आपल्या बोलीत, आपल्या हौशीच्या आवाजात काहीतरी येतंय म्हणून बाकीच्या झोपड्यांतली माणसंही सरकून जवळ आली. पेंढा देऊ नका, विटा तेवढ्याच घ्या, असं फारोने म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने घास हातातच धरला. "हे कोनच्या भट्टीचं?" त्याने विचारलं. मुकादमाचं नाव आल्यावर मागून कुंडलिक म्हणाला, "आमाला पन घातलंय काय गोष्टीत?" हसू उठलं, पण कुंडलिक गेला नाही, उभ्यानेच ऐकत राहिला. मग मोशेने नाव विचारलं, आणि हौशीच्या आवाजात उत्तर आलं. मी हाय. मी हायच.

शाम सगळ्यांच्या मागे पाठ करून बसला होता. गोष्ट संपल्यावर माणसं कामाला उठली, तसा तो बहिणीजवळ आला. राग गेला होता असं नाही.

"सुटली का ती मानसं?"

"सुटली."

"लगीच?"

"लगीच नाय. लई दिवस लागले. फारो सोडत नव्हता. मधी तर आनकी हाल झाले."

शामने चिखलाचे हात एकमेकांवर चोळले. "ते बरं सांगितलं तू. लगीच सुटली असती तर मी खरं मानलं नसतं." मग म्हणाला, "पुढच्या साली पोराला तुज्याकडं ठेवंन. सापगावात शाळा हाय ना?"

"हाय."

त्याने मान हलवली आणि तो गाऱ्यात उतरला. हौशीने स्पीकर लक्ष्मीच्या झोपडीत ठेवला, कसा चालू करायचा ते तिला दोनदा दाखवलं आणि हायवेला येऊन शहापूरची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी सुटलेल्या त्या लोकांपुढे समुद्र दुभंगल्याची गोष्ट भरायची होती, आणि तिने आणि तिच्या वाडीतल्या बऱ्याच बायकांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. तो कसा सांगायचा, ह्याचा ती खिडकीशी बसून विचार करत होती.